बाळंतिणीचे ताट: अंगावर पाजणाऱ्या आईने काय खावे, किती खावे आणि कोणते पथ्य सोडून द्यावे

माझ्या पहिल्या बाळंतपणात उशाशी दोन वस्तू कायम असत: डिंकाच्या लाडवांचा डबा आणि पाण्याचे एक लहानसे फुलपात्र. डबा हवा तेव्हा उघडण्याची मुभा होती. फुलपात्र मात्र दिवसातून मोजून चार वेळा भरले जाई, कारण बाळंतिणीने जास्त पाणी प्यायले की तिचे पोट सुटते आणि बाळाला सर्दी होते, अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची पक्की समजूत होती. बाळाला पाजायला घेतले की दोन-तीन मिनिटांत घशाला कोरड पडत असे आणि मी हात लांबवून त्या फुलपात्राच्या तळाशी उरलेला घोटभर पाण्याचा थेंबही सोडत नसे. त्यानंतर घरातल्या आणि शेजारच्या अनेक बाळंतिणींचा स्वयंपाक माझ्याकडे आला, आणि आज मी खात्रीने एवढे सांगू शकते की आपल्याकडे बाळंतिणीला जे आवर्जून वाढले जाते ते बहुतेक सगळे योग्य आहे, आणि तिला जे नाकारले जाते त्यातले बहुतेक निराधार आहे. म्हणून हे लेखन जितके नव्या आईसाठी आहे, तितकेच तिचे ताट वाढणाऱ्या आईसाठी, सासूबाईंसाठी, जावेसाठी आणि नवऱ्यासाठीही आहे.

अधिकचे किती आणि कशासाठी

पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या काही महिन्यांत आई दिवसाकाठी साधारण पाऊण लिटर दूध पाजते. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ६५ ते ७० कॅलरी असतात, म्हणजे रोज साधारण पाचशे कॅलरी आईच्या अंगातून बाळाच्या पोटात जातात, आणि ते दूध तयार करण्यासाठी शरीराला आणखी काही ऊर्जा खर्चावी लागते. हा हिशेब धरूनच राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील संस्थेने, २०२० च्या शिफारशींमध्ये पहिल्या सहा महिन्यांसाठी नेहमीच्या आहाराहून रोज ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी ५२० कॅलरी अधिक सांगितल्या आहेत. प्रथिनांची गरजही पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे १७ ग्रॅमने वाढते.

सहाशे कॅलरी हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण ताटात तो फार जागा घेत नाही. तूप लावलेली एक जास्तीची बाजरीची भाकरी, एक मध्यम डिंकाचा लाडू आणि एक पेला दूध एवढ्यात तो जवळपास पुरा होतो. त्यात वाटीभर मुगाचे घट्ट वरण किंवा मटकीची उसळ घातली की प्रथिनांचा हिशेबही जुळतो. अडचण प्रमाणाची नसून वेळेची असते. बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते, मधल्या वेळात आईला झोप हवी असते, आणि ताट वाढून तयार होते नेमके तेव्हाच बाळ रडू लागते. ज्या घरात सगळ्यांची जेवणे उरकल्यावर बाळंतिणीने बसायचे अशी रीत आहे, तिथे ती निवलेली भाजी आणि उरलेली अर्धी पोळी खाऊन उठते. माझी एक विनंती आहे की या घरातले पहिले ताट सहा महिने तिचेच असावे, आणि ती जेवत असताना बाळाला दुसऱ्या कोणीतरी खांद्यावर घ्यावे.

आईचे खाणे आणि दूध येणे यांचे नाते मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण याच ठिकाणी सर्वांत जास्त दुखावणारी वाक्ये बोलली जातात. दूध तयार होते ते मुख्यतः बाळाच्या चोखण्याने. बाळ जितक्या वेळा आणि जितक्या नीट पकडीने पिईल, स्तन जितके रिकामे होतील, तितके दूध पुन्हा भरते, आणि रात्रीचे पाजणे त्यात विशेष मोलाचे असते. आई थोडे कमी जेवली तरी शरीर बाळाच्या दुधात लगेच काटकसर करत नाही. ते आईच्या साठ्यातून घेते. म्हणून ‘तू नीट खात नाहीस म्हणून दूध येत नाही’ हे बोलणे बहुतेक वेळा चुकीचे असते. बाळाला दूध पुरते की नाही हे त्याच्या लंगोटांवरून आणि वजनावरून ओळखावे: पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळेचे वजन भरून येणे ही चांगली खूण आहे. तसे होत नसेल तर लाडू वाढवण्याआधी बाळाची पकड कोणा जाणकाराला दाखवावी.

दुधात काय उतरते आणि काय उतरत नाही

काही पोषक द्रव्ये अशी आहेत की आईच्या आहारात ती कमी असली तरी दुधातले त्यांचे प्रमाण फारसे घटत नाही. कॅल्शियम, लोह आणि फॉलिक आम्ल या गटात येतात. इथे बाळ सुरक्षित राहते, झीज आईची होते. पाजण्याच्या महिन्यांत आईच्या हाडांतले खनिज तीन ते पाच टक्के कमी होते आणि पाजणे थांबल्यावर काही महिन्यांत ते भरून येते, पण मुळातच साठा अपुरा असलेल्या आणि लागोपाठ बाळंतपणे झालेल्या बाईला ही भरपाई जड जाते. दुसऱ्या गटातल्या द्रव्यांचे तसे नाही. बी-१२, बी-१, अ जीवनसत्त्व, आयोडीन आणि बाळाच्या मेंदूला लागणारी मासळीतली स्निग्ध आम्ले आईच्या ताटात नसतील, तर ती दुधातही कमी पडतात. बाळंतिणीच्या पथ्याचा विचार करताना हा फरक मनात पक्का धरावा.

त्यातही बी-१२ विषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण शाकाहारी घरांत हा धोका खरा आहे आणि तो वरून दिसत नाही. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिज पदार्थांत मिळते: दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मांस. पालेभाज्या, कडधान्ये, सुकामेवा यांत ते नसते. ज्या आईचे दूध-दही म्हणजे दिवसातून दोनदा चहात पडणारे दूध एवढेच असते, तिचा साठा गरोदरपणातच रिता होत आलेला असतो. तिचे बाळ पहिले काही महिने गुटगुटीत दिसते, आणि मग सहा महिन्यांच्या आसपास किंवा त्यानंतर ते फिकट पडते, हसणे कमी होते, मान धरणारे बाळ पुन्हा सैल पडते, बोटांच्या पेरांवर काळसर छटा येते, आणि काही बाळांच्या हातापायांना कंप सुटतो. वेळेत ओळखले तर उपचार साधा असतो, पण मेंदूच्या वाढीचे ते महिने परत येत नाहीत. म्हणून शाकाहारी आईने रोज दोन पेले दूध आणि वाटीभर दही किंवा ताक घ्यावेच, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांना बी-१२ ची रक्तचाचणी किंवा गोळी याविषयी आपणहून विचारावे. दूधही न घेणाऱ्या आईला गोळी किंवा इंजेक्शन याला पर्याय नाही.

बी-१ ची गोष्ट वेगळी आहे. कांडून पांढरा केलेला तांदूळ, त्यावर तूप, आणि बाकी सगळे वर्ज्य, असे पथ्य आठवडेच्या आठवडे पाळले की आईच्या दुधातले बी-१ कमी होते आणि दोन-चार महिन्यांच्या बाळाला त्यामुळे हृदयाचा जिवावर बेतणारा विकार होऊ शकतो. काश्मीरमध्ये बाळंतिणींच्या अशाच मर्यादित आहारामुळे आजारी पडलेल्या बाळांची नोंद डॉक्टरांनी केलेली आहे. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, शेंगदाणे आणि तीळ हे रोजच्या खाण्यात असल्याने संरक्षण मिळते, म्हणूनच ‘महिनाभर नुसता आसट भात’ हे पथ्य मला सर्वांत धोक्याचे वाटते. कोकणात आणि गोव्यात बाळंतिणीला उकड्या तांदळाची पेज देतात, ती मात्र शहाणपणाची आहे. भात तुसासकट उकडला की कोंड्याजवळचे बी-१ दाण्याच्या आत मुरते आणि कांडल्यानंतरही बरेचसे टिकते.

आयोडीनसाठी काही वेगळे करायचे नसते, फक्त घरातले मीठ आयोडीनयुक्त असावे. हल्ली बाळंतिणीसाठी मुद्दाम सैंधव आणण्याची पद्धत वाढली आहे; सैंधवात सहसा पुरेसे आयोडीन नसते, त्यामुळे निदान हे महिने तिच्या स्वयंपाकात साधे आयोडीनयुक्त मीठच वापरावे. अ जीवनसत्त्व लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, मेथी, शेपू, राजगिरा, पिकलेली पपई आणि अंड्याचा बलक यांतून मिळते. ड जीवनसत्त्व आईच्या दुधात मुळातच फार थोडे उतरते, त्यामुळे बाळाला रोज ४०० एककांचे थेंब द्यावे लागतात. ते बालरोगतज्ज्ञ लिहून देतील, नाही दिले तर विचारावे.

गोळ्यांविषयी

महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि प्रसूतीत रक्त गेलेले असते. म्हणून सरकारी आरोग्य केंद्रातून बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोहाची गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्याही सहा महिने रोज दोन घ्यायच्या असतात. या दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेतल्या तर कॅल्शियम लोहाला नीट शोषू देत नाही. सोयीची मांडणी अशी: कॅल्शियमची एक गोळी न्याहारीनंतर आणि दुसरी रात्रीच्या जेवणानंतर, आणि लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर दीड-दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये. शौच काळसर होते, त्याने घाबरून गोळी बंद करू नये. बद्धकोष्ठ झाले तर पालेभाजी, पपई आणि पाणी वाढवावे.

ताटातले पदार्थ, आणि लाडवांचे थोडे सविस्तर

नाचणीत दर शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून सकाळची नाचणीची आंबील किंवा दुधातले नाचणीसत्त्व बाळंतिणीला उत्तम. बाजरीतून ऊर्जा, लोह आणि चोथा मिळतो. मुगाची पातळ खिचडी पहिल्या दोन-तीन दिवसांत पचायला हलकी, आणि पुढे कुळथाचे कढण, मसुराचे वरण, मोड आलेली मटकी हळूहळू आणावी. शेपू, मेथी, चाकवत, लाल माठ यांपैकी एक पालेभाजी रोज असावी, आणि तिच्यावर लिंबू पिळावे, कारण त्याने पालेभाजीतले लोह अंगी लागते. भाजी लोखंडी कढईत परतली तर तिच्यात लोहाची थोडी भर पडते. गुळातून भरपूर लोह मिळते असे आपण धरून चालतो. थोडेफार मिळते, पण त्याच्या भरवशावर राहू नये. अंडे चालत असेल तर रोज एक-दोन द्यावीत, त्याइतका सोपा आणि स्वस्त प्रथिनांचा पदार्थ क्वचितच असेल. जेवणानंतरचा बाळंतशेपा, ओवा, तीळ आणि सुक्या खोबऱ्याचा मुखवास पोटाला बरा वाटतो, आणि त्यातले तीळ कॅल्शियमही देतात.

आता डिंकाचे लाडू. यात नवी आई आणि तिचे नातलग दोघेही चुका करतात: काही घरांत दिवसाला चार-पाच लाडू आग्रहाने भरवतात, तर वजनाच्या धास्तीने काही मुली एकाही लाडवाला हात लावत नाहीत. १०० ग्रॅम डिंक, २५० ग्रॅम सुके खोबरे, २०० ग्रॅम खारकेची पूड, १०० ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम खसखस, ३०० ग्रॅम गूळ आणि १५० ग्रॅम तूप, शिवाय सुंठ आणि जायफळ चवीपुरते, एवढ्यात चाळीस ग्रॅमचे पंचवीस ते अठ्ठावीस लाडू होतात आणि एकेका लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात. डिंक तळताना घाई करू नये. तूप मध्यम आचेवर तापवावे, डिंकाचे खडे थोडे थोडे टाकावेत, आणि खडा फुलून पांढरा, लाह्यांसारखा हलका झाल्यावरच काढावा. एक खडा बोटांनी चुरून पाहावा, आत पिवळसर, काचेसारखा टणक कण लागला तर तो अजून कच्चा आहे असे समजावे, कारण असा डिंक दाताला चिकटतो आणि पोटातही जड होतो. खोबरे किसून मंद आचेवर कोरडेच बदामी भाजावे, खारकेची पूड चमचाभर तुपावर परतावी. उरलेल्या तुपात गूळ फक्त विरघळू द्यावा, त्याचा पाक करू नये, नाहीतर लाडू दगडासारखे होतात आणि एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने खाणाऱ्या आईला ते फोडता येत नाहीत. मिश्रण कोमट असतानाच वळावेत. लाडवांचा आकार लिंबापेक्षा थोडा मोठा ठेवावा आणि दिवसाला एक, फार तर दोन द्यावेत.

अळिवाचे लाडू त्याहून ओलसर आणि माझ्या मते चवीला सरस. अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवले की ते फुगून बुळबुळीत होतात. मग ओल्या नारळाचा चव आणि गूळ घालून मंद आचेवर मिश्रण कडेने सुटेपर्यंत हलवत राहायचे. हे लाडू ओल्या नारळामुळे तीन-चार दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, म्हणून थोडेच करावेत.

दूध वाढवणारे म्हणून दिले जाणारे पदार्थ

शतावरी कल्प, मेथी, अळीव, बाळंतशेपा, लसूण, या सगळ्यांविषयी पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. यांपैकी शतावरी आणि मेथीवर अभ्यास झाले आहेत, पण ते लहान आहेत आणि त्यांतून ठाम निष्कर्ष निघत नाही. मी हे पदार्थ नाकारत नाही. गरम दुधातला चमचाभर कल्प शांतपणे पिताना आई पाच मिनिटे बसते, तिला कोणीतरी जपत आहे असे वाटते, आणि मन निवांत असले की पान्हा सहज फुटतो हे शरीरशास्त्रही मान्य करते. ज्या संप्रेरकामुळे दूध वाहू लागते ते ताणाने आणि वेदनेने अडखळते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बाजारातल्या कल्पात निम्म्याहून जास्त साखर असू शकते, तेव्हा डब्यावरचा मजकूर वाचावा. आणि मेथीचे दाणे मोठ्या प्रमाणात घेतल्यास पोट बिघडते, रक्तातली साखरही उतरते, त्यामुळे मधुमेहाची औषधे चालू असलेल्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथीचे लाडू रोज खाऊ नयेत. सुटे, नाव नसलेले काढे आणि भस्मे मात्र मुळीच घेऊ नयेत. त्यांत शिसे किंवा पारा असण्याचा धोका असतो आणि दोन्ही दुधातून बाळापर्यंत पोहोचतात.

मासे, आणि मोरीचा प्रश्न

किनारपट्टीवर बाळंतिणीला मोरीचे कालवण देण्याची जुनी चाल आहे. मोरीने दूध वाढते असे मानतात. मोरी म्हणजे लहान शार्क. शार्क जातीचे मासे दुसरे मासे खाऊन वाढतात आणि त्यांच्या अंगात पारा साचत जातो, म्हणून पाजणाऱ्या आईने शार्क टाळावा असा सल्ला अमेरिकेसह अनेक देशांतल्या आरोग्य यंत्रणा देतात. मोरीऐवजी बांगडा, तारली, मांदेली आणि ओले बोंबील आठवड्यातून दोन-तीनदा खावेत. हे मासे लहान आणि अल्पायुषी असतात, त्यांत पारा कमी असतो. बांगडा आणि तारली यांत तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी स्निग्ध आम्लेही भरपूर असतात. हा बदल सासूबाईंना सांगताना त्यांच्या परंपरेचा अवमान होऊ नये याची काळजी घ्यावी. बाळंतिणीला मासे द्यावेत हे त्यांचे मूळ म्हणणे बरोबरच आहे, बदलायचा आहे तो फक्त मासा. शाकाहारी आईने जवस आणि अक्रोड जरूर खावेत, मात्र त्यांतल्या स्निग्ध आम्लाचे शरीरात मासळीतल्या आम्लांत होणारे रूपांतर फार थोडे असते.

कोणते पथ्य सोडावे

आईने वाटाणे, हरभरा, कोबी किंवा बटाटा खाल्ला की बाळाच्या पोटात वात होतो, हा समज सर्वत्र आहे. वात म्हणजे आईच्या आतड्यात चोथ्यावर जिवाणूंनी केलेल्या क्रियेतून झालेला वायू. तो दुधात उतरत नाही. बाळे संध्याकाळी रडतात, ते रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत वाढते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, आईने काहीही खाल्ले तरी. एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळ दर वेळी अस्वस्थ होते असे खरोखर दिसले तर तो पदार्थ आठवडाभर थांबवून पाहावा आणि पुन्हा खाऊन खात्री करावी. पण एका संशयावर दहा पदार्थ कायमचे बंद करू नयेत. बाळाच्या शौचात रक्ताचे धागे दिसले, अंगावर सतत चट्टे उठले किंवा वजन वाढेनासे झाले तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी असू शकते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

दही, ताक, केळे, संत्रे यांनी बाळाला सर्दी होते हेही खरे नाही. सर्दी विषाणूंनी होते. आंबट खाल्ल्याने किंवा भात खाल्ल्याने सिझेरियनचे टाके पिकतात असे म्हणून कितीतरी बाळंतिणींना लिंबू, टोमॅटो आणि वरण नाकारले जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत जखम भरून यायला प्रथिने आणि क जीवनसत्त्व सर्वांत जास्त लागते. टाक्यांत पू होतो तो जंतूंनी. डॉक्टरांनी खाण्याची परवानगी दिली की सिझेरियन झालेल्या आईचे ताट आणि नैसर्गिक प्रसूती झालेल्या आईचे ताट सारखेच असावे.

पाण्याविषयी सुरुवातीला लिहिलेच आहे. पाजताना तहान लागणे ही शरीराची सूचना आहे आणि ती पाळावी. मोजून लिटर भरत बसण्याची गरज नाही, कारण तहानेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही. पाजायला बसण्याआधी हाताच्या अंतरावर मोठा तांब्या भरून ठेवावा आणि लघवी फिकट पिवळी राहते आहे एवढे पाहावे. पाणी कोमटच हवे असे नाही. आवडत असेल तर कोमट घ्यावे.

खऱ्या अर्थाने वर्ज्य असलेल्या गोष्टी थोड्या आहेत. चहा-कॉफी दिवसाला दोन कपांवर जाऊ देऊ नये, आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये. दारू टाळावी. तंबाखूविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, कारण आपल्या राज्यात खेड्यापाड्यांतल्या अनेक स्त्रिया मिश्री लावतात आणि तिला तंबाखू समजतच नाहीत. मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे, तिच्यातले निकोटिन दुधात उतरते आणि बाळाची झोप व भूक दोन्ही बिघडवते. आई ती एकदम सोडू शकली नाही तरी पाजणे थांबवू नये; मिश्री पाजून झाल्यावर लावावी आणि सोडण्यासाठी आशाताईंची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी.

वजन, साखर आणि घरची परिस्थिती

पहिले दोन महिने वजन कमी करण्याचा विचार बाजूला ठेवावा. त्यानंतर आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंत वजन उतरले तर दुधावर परिणाम होत नाही, पण ते उपासाने उतरवू नये; दिवसाला १५०० कॅलरींच्या खाली जाणारा कोणताही आहार या काळात घेऊ नये. चतुर्थी-एकादशीचे उपास वर्षभर बाजूला ठेवले तर देव रागावणार नाही. फारच मन मोडवत नसेल, तर निर्जळी टाळून दूध, राजगिरा, दाणे, रताळी आणि फळे पोटभर खाऊन उपास करावा.

गरोदरपणात साखर वाढलेल्या आईने लाडवांच्या बाबतीत वेगळे धोरण ठेवावे. गूळ आणि खारीक साखर वाढवतातच, तेव्हा तिला डिंक, खोबरे, बदाम आणि तीळ यांची बिनगुळाची वडी किंवा मूठभर भाजलेले दाणे द्यावेत, आणि प्रसूतीनंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची तपासणी चुकवू नये. पाजण्यानेच तिची साखर काबूत राहायला मदत होते.

बदाम आणि खारीक घेणे प्रत्येक घराला परवडत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. शेंगदाणे-गूळ-तिळाचा लाडू, नाचणी, डाळ, अंडे आणि परसातल्या शेवग्याचा पाला एवढ्यावर बाळंतिणीचे उत्तम पोषण होते. अंगणवाडीत नाव नोंदवलेल्या पाजणाऱ्या आईला सहा महिने रोजच्या ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांच्या हिशेबाने पूरक आहार मिळतो. तो घरातल्या सगळ्यांत न वाटता तिनेच खावा. आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून प्रसूतीनंतर सहा महिने दिवसातून एक वेळचे गरम जेवण मिळते. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, ते या खाण्यासाठीच खर्च व्हावेत.

दिवस कसा बसवावा

पहाटेच्या पाजण्यानंतर दूध आणि एक लाडू. आठच्या सुमारास नाचणीची आंबील किंवा भाजणीचे थालीपीठ, सोबत दही. मध्ये एखादे फळ. दुपारी भाकरी, पालेभाजी, उसळ, वरण-भात, लिंबू, ताक. चारला मूठभर दाणे-फुटाणे किंवा अळिवाची खीर. रात्रीचे जेवण दुपारसारखेच, थोडे लवकर. आणि रात्री दोन-तीन वाजता पाजताना जी खरी भूक लागते, तिच्यासाठी उशाशी झाकणाच्या डब्यात काहीतरी असावे: दशमी, चिक्कीचा तुकडा, दोन केळी. ही भूक मी कुठल्याच तक्त्यात पाहिलेली नाही, पण ती प्रत्येक आईला माहीत असते. डब्याचे झाकण एका हाताने उघडेल असे सैल निवडावे.

संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, आणि ती संपते त्याच सुमारास बाळाचे वरचे खाणे सुरू झालेले असते. कामावर जाऊ लागल्यावर डबा दुप्पट न्यावा लागतो: दुपारच्या जेवणाचा एक, आणि दूध काढून ठेवल्यानंतर लागणाऱ्या भुकेसाठी दुसरा. बाळ खिमट, वरणभात, नाचणीची खीर असे खाऊ लागले की दुधाची मागणी हळूहळू उतरते, आणि आईची भूकही त्याबरोबर उतरते. लाडवांचा डबा तेव्हा आपोआपच दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा भरला जातो. लोहाच्या गोळ्यांचे १८० दिवस मात्र त्याआधी मोजून पुरे झाले आहेत ना, हे घरातल्या कोणीतरी दिनदर्शिकेवर खूण करून पाहावे.